मोनोवाय : लोकसंख्या एक

शनिवार : ओमाहा ते नायोब्रारा

नेब्रास्का राज्याच्या उत्तर टोकाला, साउथ डकोटाच्या हद्दीला लागून, बॉइड नावाची काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग, आहे. तिथल्या मोनोवाय या गावाची लोकसंख्या 2010 च्या जनगणनेत एक भरली. एकच माणूस. तरीही ते रीतसर नोंदलेलं गाव आहे. त्याला हद्द आहे, कारभार आहे, कर आहेत, रस्त्यावरचे दिवे आहेत. अमेरिकेत असं दुसरं गाव त्या मोजणीत नव्हतं. ताई ओमाहात राहायला आल्यापासून हे गाव माझ्या डोक्यात होतं. या जूनमध्ये भावोजींनी रजा काढली आणि आम्ही तिघं निघालो.

मोनोवायला थेट गाडी हाणत जायचं आणि फोटो काढून परत यायचं, असं मला करायचं नव्हतं. एका माणसाचं गाव समजायचं तर आजूबाजूची गावं आधी पाहायला हवीत. ती कुणी वसवली, त्यांना नावं कुणी दिली, माणसं कुठे गेली, हे कळलं तरच त्या एकाला अर्थ येतो.

या राज्यात नावांचा माग निघाल्यापासूनच लागतो. ओमाहा हे मूळच्या ओमाहा लोकांचं नाव, म्हणजे प्रवाहाच्या उलट वर गेलेले. नेब्रास्का म्हणजे सपाट पाणी. ओटो आणि ओमाहा लोक प्लॅट नदीला तसं म्हणत, आणि फ्रेंचांनी 'प्लॅट' म्हणून तिचं तेच वर्णन आपल्या भाषेत केलं. नदी खरोखरच तशी आहे, रुंद, उथळ, वाळूवर पसरलेली.

दोन तासांवर नॉर्फोक लागलं. वाचताना इंग्लंडमधल्या नॉर्फोकची आठवण होते, पण तिथल्या लोकांच्या तोंडी ते आजही 'नॉरफोर्क' आहे. एल्कहॉर्न नदीच्या उत्तर फाट्यावरची वसाहत, म्हणून नॉर्थ फोर्क, त्याचं नॉरफोर्क. टपाल खात्यातल्या कुणाला ते चुकीचं स्पेलिंग वाटलं आणि त्याने ते 'दुरुस्त' केलं, असं सांगतात. कारकुनाच्या लेखणीने गावाचं नाव कायमचं बदललं, पण बोलण्यातून जुनं गेलं नाही. मला हे फार आवडलं.

पुढे मका, सोयाबीन, मग मका कमी होऊन कुरणं. टेकड्या सुरू झाल्या तसं व्हर्डिग्री आलं. पाचशेच्या आसपास वस्ती, नाव शेजारच्या ओढ्यावरून. तांब्यावर चढणाऱ्या हिरव्या किटाला जो शब्द आहे तोच ओढ्याचा. गाव वसवलं बोहेमियातून आलेल्या चेक शेतकऱ्यांनी, त्यामुळे इथे कोलाच मिळतो. मऊ, किंचित गोड पावाच्या मधोमध बोटाने खळगा करून त्यात जर्दाळू, सुकं आलूबुखार किंवा खसखशीचं सारण भरतात. खसखशीचा मला सर्वांत आवडला. सारण काळंभोर, दाट, दाताखाली किंचित कुरकुरणारं. गावाने स्वतःला कोलाचची जागतिक राजधानी जाहीर केलंय आणि जूनमध्ये त्याचा उत्सवही भरतो.

मुक्काम नायोब्रारा स्टेट पार्कातल्या केबिनमध्ये. रात्री वारा एवढा होता की खिडक्या लावूनच झोपलो.

रविवार : नायोब्रारा

सकाळी टेकडीवरून संगम पाहिला. नायोब्रारा नदी इथे मिसुरीला मिळते. पाणी कमी आणि वाळूच जास्त. बेटं, त्यांवर विलोची झुडपं, मधून वाहणाऱ्या दहा-बारा धारा. पोंका आणि ओमाहा लोकांनी तिला दिलेल्या नावाचा अर्थ 'पसरलेलं पाणी'. टेकडीवर उभं राहिलं की ते नाव कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

खालचं नायोब्रारा गाव साडेतीनशेच्या थोडं वर वस्तीचं. 1856 मध्ये वसलेलं हे गाव दोनदा जागेवरून उठलंय. 1881 च्या मार्चमध्ये मिसुरीत बर्फाचे थर अडकले, पाणी गावात शिरलं आणि लोकांनी घरं ओढत उंचावर नेली. पुढे 1957 मध्ये खालच्या अंगाला गॅव्हिन्स पॉइंट धरण पूर्ण झालं. नायोब्रारा आपल्याबरोबर प्रचंड वाळू आणते. आधी ती मिसुरी वाहून न्यायची, आता धरणाच्या फुगवट्यामुळे ती संगमापाशीच बसू लागली. नदीचा तळ वर आला, त्याबरोबर भूजलही वर आलं आणि तळघरांत पाणी उभं राहू लागलं. 1970 च्या दशकात सगळं गाव पुन्हा हलवावं लागलं. या खेपेला पूर अचानक आला नव्हता. जमीनच हळूहळू ओली होत गेली होती.

एवढं होऊनही नाव तेच. आपल्याकडे धरणात गेलेल्या गावांची पुनर्वसनं झाली तेव्हा लोकांनी नव्या वसाहतीला जुनंच नाव लावलं, ते आठवलं. जागा सोडता येते, नाव सोडवत नाही. ताई मात्र म्हणाली, "नाव टिकलं कारण ते ज्याच्यावरून पडलं ती नदी अजून शेजारीच आहे." तिचं म्हणणं मला पटलं.

2019 च्या मार्चमध्ये नदीने पुन्हा तडाखा दिला. 14 तारखेला वरच्या अंगाचं स्पेन्सर धरण बर्फ आणि पाण्याच्या लोंढ्याने फुटलं. 1927 मध्ये बांधलेलं ते धरण. खाली गाडीएवढे बर्फाचे तुकडे आले आणि नायोब्राराच्या पश्चिमेचा महामार्ग 12 वरचा पूल वाहून गेला. वस्ती एवढी विरळ असते तिथे एक पूल जाणं म्हणजे दवाखाना, शाळा, दाणागोटा सगळंच तासाभराने लांब जाणं.

दुपारी मिसुरीवरच्या चीफ स्टँडिंग बेअर पुलावर गेलो. 1998 मध्ये हा पूल झाला तोवर इथून पलीकडे साउथ डकोटात फेरीबोटीने जावं लागे. पुलाला ज्याचं नाव आहे त्या माणसाची गोष्ट या प्रवासातली सर्वांत महत्त्वाची आहे, म्हणून थोडं विस्ताराने सांगते.

नायोब्राराच्या काठचा हा मुलूख पोंका लोकांचा. 1877 मध्ये सरकारने त्यांना इथून उठवलं आणि दक्षिणेला इंडियन टेरिटरीत, म्हणजे आजच्या ओक्लाहोमात, पायी नेलं. वाटेत आणि पोचल्यावर आजारपणाने खूप माणसं गेली. त्यांच्यातला एक प्रमुख स्टँडिंग बेअर. त्याचा मुलगा तिकडेच वारला. मला आपल्या मातीत, नायोब्राराच्या काठी पुरा, असं त्याने बापाला सांगितलं होतं. 1879 च्या जानेवारीत, ऐन थंडीत, स्टँडिंग बेअर मुलाच्या अस्थी घेऊन काही जणांसह उत्तरेला निघाला. वाटेत त्याला अटक झाली. ओमाहाच्या न्यायालयात खटला उभा राहिला तेव्हा सरकारी बाजूचं म्हणणं होतं की इंडियन, म्हणजे अमेरिकेतला मूळचा, माणूस कायद्याच्या अर्थाने 'व्यक्ती' नाही, म्हणून त्याला सुटकेसाठी न्यायालयात येताच येत नाही. स्टँडिंग बेअरने हात पुढे केला आणि सांगितलं की हा हात तुमच्या रंगाचा नाही, पण त्याला टोचलं तर मला दुखेल, आणि रक्त तुमच्या रक्ताच्याच रंगाचं निघेल. 12 मे 1879 ला न्यायाधीश एल्मर डंडी यांनी निकाल दिला की इंडियन ही व्यक्ती आहे. त्याची सुटका झाली आणि मुलाला इथल्या मातीत पुरता आलं.

पुलाच्या कठड्याशी उभी होते तेव्हा लोकसंख्या हा शब्द मला वेगळाच ऐकू येऊ लागला. अमेरिकेच्या संविधानात प्रतिनिधींची संख्या ठरवताना 'कर न भरणारे इंडियन' वगळावेत असं लिहिलेलं होतं. देशभरातल्या इंडियन लोकांची सर्वसाधारण गणना पहिल्यांदा झाली ती 1890 मध्ये. म्हणजे ज्या प्रदेशात आज एकेका माणसाची पाटी लागते, तिथे कित्येक दशकं हजारो माणसं मोजणीतच नव्हती. गाव ओस पडलं असं आपण म्हणतो तेव्हा ते कोणाचं आणि कोणत्या सालापासूनचं, हे विचारायला हवं.

सोमवार : मोनोवाय

महामार्ग 12 पश्चिमेकडे जातो, डाव्या-उजव्या हाताला टेकड्या आणि गवत. व्हर्डेल मागे पडलं. मग एक साधी हिरवी पाटी आली. वर गावाचं नाव, खाली आकडा : 1.

गाडी थांबवली. कुठलाही आवाज नव्हता, फक्त गवतातून जाणारा वारा आणि दूर कुठे गुरं. रस्त्याकडेला जांभळ्या पाकळ्यांची कोनफ्लॉवर उगवलेली, पाकळ्या खाली झुकलेल्या, मधला गोल काटेरी आणि तपकिरी. ती पाहून बरं वाटलं, कारण मोनोवाय या नावाचा अर्थ 'फूल' असं सांगितलं जातं. इथे रानफुलं खूप होती म्हणून हे नाव पडलं, आणि शब्द इंडियन आहे. कोणत्या इंडियन भाषेतला, याची मात्र नोंद नाही.

मला यात आदल्या दिवशीची गोष्ट पुढे चाललेली दिसली. इथे टपाल कार्यालय उघडलं ते 1902 मध्ये. पोंकांना हुसकावून पंचवीस वर्षं झाली होती. नव्याने आलेल्यांना फुलांचा माळ आवडला, त्यासाठी त्यांनी इथल्या लोकांचा म्हणून एक शब्द घेतला, आणि तो कुणाच्या तोंडचा होता हे लिहून ठेवावं असं एकालाही वाटलं नाही. गावं त्या काळी घाईत वसत होती. फ्रीमाँट, एल्कहॉर्न अँड मिसुरी व्हॅली या रेल्वेचा फाटा या बाजूला आला तसं ठरावीक अंतरावर एकेक स्टेशन पडलं. शेतकऱ्याला घोडागाडीने धान्य पोचवून दिवसाउजेडी घरी परतता यावं, इतपत ते अंतर. प्रत्येक स्टेशनला नाव हवंच होतं. तेवढ्या धांदलीत एखाद्या शब्दाची चौकशी कोण करणार, असं म्हणता येईल. मला ते कारण पुरेसं वाटत नाही.

1930 च्या दशकात इथे दीडशे माणसं होती. दुकानं, खानावळी, तुरुंगसुद्धा. मग उलटी गणती सुरू झाली. 1862 च्या होमस्टेड कायद्याने प्रत्येक कुटुंबाला 160 एकर मिळत. आपल्या कानाला ती जहागीर वाटते, पण या कोरड्या, टेकड्यांच्या मुलखात तेवढ्यात कुटुंब जगणं कठीण. तिशीच्या दशकात दुष्काळ पडला, वाळूची वादळं आली, भाव कोसळले. पुढे ट्रॅक्टर आला, एक माणूस दहा माणसांचं काम करू लागला. शेतं मोठी झाली आणि शेतकरी कमी झाले. ट्रक आल्यावर रेल्वे स्टेशनाजवळ गाव हवं ही गरजच संपली. चर्चमधला शेवटचा अंत्यविधी 1960 चा. टपाल कार्यालय 1967 मध्ये गेलं, त्याच सुमारास किराणा दुकानं मिटली, 1974 मध्ये शाळा बंद झाली. शाळा गेली की तरुण जोडपी राहत नाहीत, हे जगात कुठल्याही खेड्याला ठाऊक असतं.

2000 च्या गणनेत दोघं उरले होते, रूडी आणि एल्सी आयलर हे नवरा-बायको. रूडी 2004 मध्ये गेले. तेव्हापासून एल्सी आयलर एकट्या. महापौर त्याच, कारकून त्याच, खजिनदार त्याच, ग्रंथपाल त्याच आणि गावातल्या एकमेव टॅव्हर्नच्या, म्हणजे दारू आणि जेवण मिळणाऱ्या खानावळीच्या, चालकही त्याच. टॅव्हर्नच्या दारूच्या परवान्याचा अर्ज त्या स्वतःच स्वतःकडे करतात आणि मंजूर करतात. दरवर्षी राज्याकडे रस्त्यांचा आराखडा पाठवतात, म्हणजे निधी मिळतो. स्वतःवर कर लावून घेतात आणि त्यातून पाणी आणि रस्त्यावरचे चार दिवे चालतात.

बातम्यांत ही गंमत म्हणून येते. तिथे उभं राहून मला ती गंमत वाटली नाही. आपल्या महसुली दप्तरात 'बेचिराग' अशी नोंद असते, जमीन आहे पण दिवा लावणारं कुणी नाही असं गाव. मोनोवाय आणि बेचिराग यांच्यामध्ये एका बाईने दरवर्षी भरलेले कागद आहेत. गाव म्हणून टिकायला घरं लागतात, माणसं लागतात, पण कुणीतरी वेळेवर फॉर्म भरणंही लागतं, आणि हे काम एक वयोवृद्ध बाई न चुकता करत आली. मला याबद्दल मनापासून आदर वाटतो.

टॅव्हर्नचा तो साप्ताहिक सुट्टीचा दिवस. भावोजींची रजा आणि केबिनचं आरक्षण यांत दुसरा वार बसत नव्हता. बसकी पांढरी इमारत, भिंतीवर गावातली सर्वांत थंड बिअर इथेच, अशी पाटी. एरवी आठवड्यातले सहा दिवस आजूबाजूच्या पन्नास-साठ मैलांवरून शेतकरी, ट्रकवाले, शिकारी इथे जेवायला येतात. जवळच एका खोलीची रूडीज लायब्ररी. रूडींना वाचनाचा नाद, आणि आपली पुस्तकं सर्वांसाठी खुली करायची इच्छा. ते गेल्यावर ती इच्छा पुरी झाली. सुमारे पाच हजार पुस्तकं आहेत. एका माणसाच्या गावात पाच हजार पुस्तकांचं वाचनालय! ताई काचेला हात लावून बराच वेळ आत पाहत राहिली. ती ग्रंथालयात नोकरी केलेली, तिला तिथून हलवणं जड गेलं.

जुन्या चर्चपाशी गेलो. रंग उडालेल्या फळ्या, कंबरेएवढं गवत. आत गेलो नाही, कारण पडकं असलं तरी ते कुणाचं तरी आहे.

तेवढ्यात एक पिकअप थांबला. काही मदत हवी का, गाडी बिघडली का, म्हणून त्या शेतकऱ्याने विचारलं. नाही म्हटल्यावर तो पाच मिनिटं बोलत उभा राहिला. त्याच्या आजोबांची 160 एकर होती, आज तो एकटा त्याच्या कितीतरी पट जमीन बघतो. शेजारी सहा कुटुंबं होती, आता त्याचं एकच. "जमीन तेवढीच आहे, लोक तेवढे नाहीत," एवढंच तो शांतपणे म्हणाला आणि दोन बोटं टोपीला लावून गेला.

आता 2020 च्या जनगणनेबद्दल. त्या गणनेत मोनोवायची लोकसंख्या दोन आली. गावात नवं कुणीच आलं नव्हतं. भावोजींचा व्यवसाय संख्याशास्त्राचा, त्यांनी गाडीत समजावून सांगितलं. जनगणनेत दिलेली माहिती गुप्त ठेवण्याचं कायद्याचं बंधन आहे. गाव हजारांचं असेल तर सरासरीत माणूस लपतो. एकाच माणसाच्या गावात मात्र वय, वंश, घर असं काहीही छापलं की ती त्या माणसाचीच माहिती होते. म्हणून 2020 मध्ये जनगणना खात्याने लहान भागांच्या आकड्यांत मुद्दाम थोडा गोंधळ मिसळला, इथे एक वाढव, तिथे एक कमी कर असा. राज्याची एकूण संख्या मात्र तंतोतंत ठेवली.

"मग हा आकडा खोटा म्हणायचा का?" मी विचारलं.

"खोटा नाही, झाकलेला," भावोजी म्हणाले. "राज्यासाठी तो बरोबरच आहे. गावासाठी नाही."

मला हेतू पटतो. पण दीडशेवरून एकावर आलेल्या गावाला तो शेवटचा एक तरी खरा मिळायला हवा होता, असं वाटत राहिलं. हद्दीवरच्या पाटीने तो एक जपलेला आहे, याचं म्हणून मला समाधान वाटलं.

मंगळवार : लिंच, ग्रॉस, ब्यूट, ओनील

सकाळी लिंच. वस्ती दोनशेच्या आसपास, नाव जॉन लिंच या सुरुवातीच्या वसाहतकऱ्याचं. मोनोवायनंतर ते शहरच वाटलं. रस्त्यावर दोन मुलं सायकलवर दिसली आणि आम्ही तिघंही एकदम त्यांच्याकडे पाहू लागलो.

तिथून खडीच्या रस्त्याने ग्रॉसला गेलो. हेही याच काउंटीतलं नोंदलेलं गाव, 2010 मध्ये वस्ती दोन. इथे घर केलेल्या ग्रॉस नावाच्या माणसावरून नाव पडलं. नेब्रास्कात नवं व्हिलेज नोंदवायला किमान शंभर रहिवासी लागतात, म्हणजे आज ही दोन्ही गावं नव्याने जन्माला येऊच शकली नसती. आपण गेलो ते लोकांच्या अंगणात, हे इथे फार जाणवतं. गाडी न थांबवता हळू पुढे आलो.

ब्यूट हे काउंटीचं मुख्यालय, नाव शेजारच्या टेकडीवरून. काउंटीत 2010 मध्ये 2,099 माणसं होती, 2020 मध्ये 1,810. स्वतः काउंटीचं नाव जेम्स बॉइड या गव्हर्नरवरून. बॉइड आयर्लंडमध्ये जन्मलेले. 1890 च्या निवडणुकीत ते जिंकले, तेव्हा त्यांच्या वडिलांनी नागरिकत्वाची प्रक्रिया पुरी केली नव्हती म्हणून हा माणूस नागरिकच नाही, असा आक्षेप आला आणि त्यांना पद सोडावं लागलं. 1892 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना नागरिक ठरवलं आणि पद परत मिळालं. स्टँडिंग बेअरच्या खटल्यानंतर तेरा वर्षांनी, त्याच राज्यात, माणूस कोणत्या यादीत बसतो याचाच पुन्हा वाद. काउंटी नकाशावर आली ती 1891 मध्ये, म्हणजे हा खटला चालू असतानाच.

स्पेन्सरच्या दक्षिणेला नायोब्रारा ओलांडताना फुटलेल्या धरणाची जागा दिसली. मग सरळ ओनील. साडेतीन हजारांचं गाव, जनरल जॉन ओनील यांनी 1874 मध्ये आयरिश लोकांसाठी वसवलेलं. याच ओनीलांनी 1866 मध्ये आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी म्हणून कॅनडावर स्वारी केली होती. मुख्य चौकात रस्त्यावरच भलंमोठं हिरवं तीनपानी शॅमरॉक, आयर्लंडचं चिन्ह, रंगवलंय, गाड्या त्याच्यावरून जातात. मुक्काम इथेच.

कुणाला या बाजूला यायचं असेल तर मे अखेर ते सप्टेंबर बरा, मार्चमध्ये नद्यांचा भरवसा नसतो. पेट्रोल नायोब्रारा किंवा स्पेन्सरला भरून घ्या, फोनची रेंज मधे मधे जाते. मोनोवायला सोमवार सोडून जा. टॅव्हर्नमध्ये बसा, जेवा, आणि पैसे तिथेच खर्च करा, कारण त्या गावातला चालता धंदा तोच एक. आम्ही पुढच्या खेपेला ऑक्टोबरमधला बुधवार धरलाय. ताईला त्या पाच हजार पुस्तकांमध्ये काय काय आहे ते बघायचं आहे.